पाडायचं की दुरुस्त करायचं: तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या चर्चचं प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रोटेस्टंट चर्च. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

या भागातल्या बहुतेक जुन्या मंडळ्यांचं (म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समुदायांचं) मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये सापडतं. मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं आणि तिथून काम तालुक्यांत पसरलं. 'ज्ञानोदय' नगरहून १८४२ मध्ये निघाला. खेड्यापाड्यांत साधारण क्रम एकच असे: आधी शाळा, मग मास्तरच उपदेशक, मग दहा-वीस घरांची मंडळी आणि बऱ्याच वर्षांनी दगडी इमारत. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा, म्हणजे छप्पन्नचा, अशा दोन दुष्काळांच्या काळात मिशनच्या शाळा, बोर्डिंगं आणि दुष्काळी कामं यांच्याशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा संबंध वाढला. बाप्तिस्म्याच्या नोंदी त्या वर्षांनंतर दाट होत जातात. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि ही मंडळीही त्यात आली.

इमारत साठ फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद. काळ्या दगडाच्या बावीस इंची भिंती चुन्यात बांधलेल्या, वर सागवानी पाच कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, पश्चिमेला घंटेचा छोटा मनोरा. यादीत सुमारे नव्वद कुटुंबं. रविवारच्या उपासनेला सव्वाशेपर्यंत माणसं, नाताळला चारशेच्या आसपास.

गावाच्या लेखी मात्र चर्च म्हणजे केवळ नव्वद घरं नव्हेत. मिशनच्या शाळेत शिकलेल्या तीन पिढ्या सगळ्या जातिधर्मांच्या आहेत. दुष्काळी कामात खणलेल्या कंपाऊंडमधल्या विहिरीचं पाणी अजून दोन गल्ल्या वापरतात. आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या आहेत. दाखल्यासाठी त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस ख्रिस्ती असतोच असं नाही.

अडचण कशी समोर आली

कोनशिलेवरच्या तारखेनुसार इमारतीला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दोन वर्षं उरली होती. शताब्दी कशी साजरी करायची यासाठी बोलावलेल्या पहिल्याच बैठकीत विषय छपराकडे वळला. वेदीकडच्या कैचीखाली पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागत होत्या. भिंतींचा रंग पाच फुटांपर्यंत फुगून सुटला होता आणि हात लावला की पांढरी भुकटी पडत होती. मंडळीत या दोन्ही गोष्टींना एकच नाव होतं: 'चर्च गळतंय.'

इथेच पहिली चूक होती. वरून येणारं पाणी आणि खालून चढणारी ओल हे दोन वेगळे आजार आहेत. गळतीचे डाग वरून खाली ओघळतात, कडा तपकिरी असतात आणि पाऊस थांबला की आठवड्याभरात सुकतात. जमिनीतली ओल आडव्या पट्ट्यासारखी सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला थांबते, वर लोणा म्हणजे क्षार, त्याची पांढरी रेघ उमटवते आणि एप्रिलमध्येही तशीच राहते. या इमारतीत दोन्ही आजार होते. ओळखीच्या एका अभियंत्याने अर्ध्या तासाच्या पाहणीवरून 'इमारत धोकादायक' असं एक पानी पत्र दिलं. त्यात कैचीचं एकही टोक उघडून पाहिल्याची नोंद नव्हती.

समोर आलेले पर्याय

पहिला प्रस्ताव मंडळीतूनच गेलेल्या आणि आता परदेशी नागरिक झालेल्या एका कुटुंबाचा: जुनं पाडा, आरसीसीचं नवं चर्च बांधा, मोठा वाटा आम्ही उचलतो. त्यात रस्त्याच्या बाजूने सहा गाळे काढून भाड्यातून पाळकांचा पगार भागवण्याची कल्पना होती. अंदाज बावन्न लाखांचा. तरुण संघाचा याला जोरदार पाठिंबा होता, आणि तो उथळ नव्हता. ज्या मंडळीला पगारासाठी दर महिन्याला पावती पुस्तक फिरवावं लागतं, तिला गाळ्यांचा मोह पडणारच.

दुसरा पर्याय स्थानिक ठेकेदाराचा: कौलांवरून पत्रे, आतून पाच फुटांपर्यंत वॉटरप्रूफ रसायन घातलेलं सिमेंट. चार लाख, सहा आठवडे. हा सर्वांत धोक्याचा पर्याय होता, कारण १९८० च्या दशकात नेमकं हेच करून ठेवलेलं होतं. चार फुटांचा सिमेंट गिलावा तेव्हाच लागला होता. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाट लागते. सिमेंटने ती बुजली की ओल थांबत नाही, वर सरकते. म्हणून चार फुटांच्या गिलाव्यावर पाचव्या फुटाला रंग सुटत होता. तिथे पुन्हा सिमेंट लावलं असतं तर ओल खिडक्यांच्या चौकटींपर्यंत आणि पुढे तुळईच्या टोकांपर्यंत गेली असती.

तिसरा पर्याय, जुन्याच पद्धतीने दुरुस्ती, सुरुवातीला कुणी मांडलाच नाही. स्त्री मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंनी विचारलं, 'पाडायची सही नक्की कोण करणार?' त्या प्रश्नाने प्रकरणाची दिशा बदलली.

कागद काय म्हणाले

मालमत्ता पत्रक काढल्यावर त्यावर अजून मिशनचंच नाव निघालं. विश्वस्त संस्थेची नोंदणी होती, पण विश्वस्त बदलल्याचा शेवटचा अहवाल पंधराहून अधिक वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. कागदावर जे विश्वस्त होते, त्यांतले दोघे वारले होते.

याचे परिणाम साखळीसारखे होते. पाडकाम आणि नवं बांधकाम यांसाठी नगरपरिषदेची परवानगी लागते, परवानगीसाठी मालकाची सही लागते आणि मालक कोण हे कागदावर सिद्ध नव्हतं. गाळ्यांचं आणखी कठीण: कलम ३६ नुसार न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. गाळे बांधायला पैसे गुंतवणारा भाडेकरू तीन वर्षांच्या करारावर येत नाही. आणि देणगी? देणारे परदेशी नागरिक असल्यामुळे तो पैसा परकीय योगदान ठरत होता. परकीय योगदानाच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं असल्याशिवाय तो घेता येत नाही. मंडळीकडे दोन्ही नव्हतं. (देणगीदार परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्टचा असता आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले असते, तर गोष्ट वेगळी होती. हा फरक अनेक मंडळ्यांना ठाऊक नसतो आणि पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर मागवले जातात. तो रस्ता सरळ खटल्याकडे जातो.)

उलट, इमारतीच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक न करणाऱ्या डागडुजीसाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये विकास परवानगीतून सूट आहे. म्हणजे दुरुस्तीचा पर्याय जिंकला तो वारशाच्या प्रेमाने नाही. तो एकच असा होता, जो त्या वर्षी कायदेशीर मार्गाने सुरू करता येत होता.

शताब्दीची घाई मात्र कायम होती. तिचा जोर नोंदवहीनेच काढला. सर्वांत जुन्या वहीत पहिला बाप्तिस्मा कोनशिलेच्या चाळीसहून अधिक वर्षं आधीचा निघाला. मंडळीची शताब्दी केव्हाच होऊन गेली होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! मग दगडाच्या वयासाठी दोन वर्षांत काम उरकण्याला अर्थ उरला नाही.

छप्पर

काम वरून सुरू केलं. क्षेत्र सुमारे २२० चौरस मीटर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे तेहतीसशेच्या आसपास. उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाजूला. सहाशेवर बाद झाली. नवी कौलं आणायची घाई केली नाही, हे चांगलं झालं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि अर्ध्या इंचाच्या फटीतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. त्याच छापाची कौलं गावातल्या पाडलेल्या दोन जुन्या वाड्यांतून मिळाली. तरी कमी पडलेली नवी कौलं मागच्या उतारावर एकाच पट्ट्यात लावली, म्हणजे जुनी-नवी खाच एका रेषेपुरतीच भेटते.

एका वेळी दोनच कैच्यांमधलं छप्पर उघडायचं आणि संध्याकाळी ताडपत्री बांधायची असा नियम ठेवला. पाचपैकी तीन कैच्या शाबूत निघाल्या. दोघींची भिंतीत रुतलेली टोकं, दीड-दोन फूट, हाताने चुरडावीत इतकी गेली होती. कारण साधं: टोकाभोवती कुणीतरी सिमेंट भरून घट्ट केलेलं. लाकडाला तिथे हवाच नाही. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या जोडाने, चार बोल्टांनी बसवला, वाळवीनाशक दोनदा लावलं आणि टोकाच्या तिन्ही बाजूंना इंचभर मोकळी जागा सोडली. 'धोकादायक' हा शब्द या दोन टोकांपुरता खरा होता.

भिंती आणि बाहेरची जमीन

ओलीचं मूळ भिंतीत नव्हतंच. रस्ता दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकून झाला, कंपाऊंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसले आणि बाहेरची जमीन सोळा इंच वर आली. दोन फुटांच्या जोत्यातलं आठ इंच उरलं होतं. आधी भिंतीलगत दोन फूट रुंद पट्ट्यातले ब्लॉक काढले, जुन्या पातळीपर्यंत खोदलं, तळाला उतार देऊन खडी भरली आणि पाणी विहिरीपासून लांब काढून दिलं. मग आतला सिमेंट गिलावा छिन्नीने काढला. यंत्र वापरू दिलं नाही, कारण हादऱ्याने दगडांमागचा चुना निखळतो. दरजा इंचभर खोल खरवडून भिंती तशाच उघड्या ठेवल्या आणि आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने लोणा झाडून गोळा केला. धुतला असता तर तोच क्षार पुन्हा भिंतीत मुरला असता.

भिंती फेब्रुवारीपासून उघड्या होत्या. त्या किमान एक पूर्ण ऋतू सुकायला हव्या होत्या. पण उघडे दगड पाहून लोकांचा धीर सुटला आणि एप्रिलच्या मध्यात उत्तरेच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा सुरू झाला. हा निर्णय चुकला. चुना हवेतला वायू घेऊन सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पाणी आधीच उडालं, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवूनही भागलं नाही. दहा दिवसांत गिलाव्याला जाळीदार भेगा पडल्या आणि बोट फिरवलं की पीठ निघू लागलं. सगळी भिंत पुन्हा खरवडावी लागली. पन्नास हजार रुपये गेले, त्याहून जास्त विश्वास गेला.

बाकी काम दिवाळीनंतर झालं. हा जिल्हा पर्जन्यछायेत आहे, तरी सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस इथे जोरात असतो. तो सरल्यावर फेब्रुवारीपर्यंत चुन्याला योग्य हवा मिळते. विझवलेला चुना महिनाभर पाण्याखाली ठेवला होता. (विझवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळतो आणि डोळे जातात.) खालच्या थराला एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी (भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. वरच्या थराला एकास अडीच, चुना आणि बारीक वाळू. एका थराची जाडी अर्ध्या इंचाहून जास्त नाही, आणि दोन थरांत किमान आठवडा.

गवंडी चांगले होते, पण सवय सिमेंटची. 'पकड यावी म्हणून' घमेल्यात मूठभर सिमेंट जातंच. हे भांडून थांबत नाही, तपासून थांबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिलाव्यात नख रुतवायचं. रुतलं तर चुना आहे. रुतलं नाही तर सिमेंट पडलंय. दोन वेळा पडलं होतं, दोन्ही वेळा तेवढा पट्टा काढला. त्यानंतर पडलं नाही.

नोंदवह्या

सगळ्या धावपळीत ज्याकडे सर्वांत उशिरा पाहिलं गेलं ते लोखंडी कपाट. ते नेमकं ओल चढलेल्या भिंतीला टेकून होतं. तिसऱ्या महिन्यात कपाट हलवलं तेव्हा खालच्या कप्प्यातल्या दोन वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि एकीला बुरशी धरली होती.

या वह्यांची किंमत भावनिक नाही, रोजच्या कामाची आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. जातीचा दाखला पडताळताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत गाव, आईबापांची नावं आणि अनेकदा पूर्वीची जात असते. त्याच आजोबांची दुसरी पाती हिंदू किंवा बौद्ध असते आणि तिला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो. म्हणून चर्चच्या दारात असे लोकही येतात ज्यांनी कधी उपासनेला पाऊल टाकलेलं नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या विवाहनोंदी तर न्यायालयातही लागतात.

पहिली सूचना लॅमिनेशनची आली. ती मोडून काढली गेली हे बरं झालं. उष्णतेने आणि प्लास्टिकने जुनी शाई आणि कागद दोन्ही कायमचे अडकतात. चिकटपट्टीचंही तेच. वह्या उन्हात न ठेवता पंख्याखाली सावलीत उघड्या ठेवल्या, दर दहा पानांत टीपकागद घातला आणि तो रोज बदलला. बुरशी पूर्ण सुकल्यावर गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने झाडली. चिकटलेली पानं ओढली नाहीत. एका वहीची अकरा पानं अजून तशीच बंद आहेत आणि ती जाणकार हातांची वाट पाहतात.

बाकी सगळी पानं वरून, सपाट ठेवून, छायाचित्रित केली. वही दाबून काचेवर उलटी ठेवली की शिवण तुटते, म्हणून स्कॅनर टाळला. सूची करताना खरा वेळ नावांनी खाल्ला. एकच माणूस बाप्तिस्म्यात एका नावाने, लग्नात दुसऱ्या आणि दफनात घरच्या नावाने. इंग्रजी नोंदींत एकाच आडनावाची चार-चार स्पेलिंगं, काही शेरे मोडी लिपीत. सूचीत मूळ लिहिलं आहे तेच ठेवलं आणि आजचं रूप वेगळ्या रकान्यात दिलं. 'दुरुस्त' केलेली नोंद पुरावा म्हणून मेलेली असते.

निष्पत्ती

अंदाज अकरा लाखांचा होता, खर्च चौदा लाख तीस हजार झाला. त्यातले सहा लाखांहून अधिक छपरावर, पाच लाखांच्या आत चुन्यावर आणि एक लाख सत्तर हजार बाहेरच्या निचऱ्यावर. नऊ लाख मंडळीने वीस महिन्यांत दिले. एक लाख सत्तर हजार दोन वर्षांच्या हंगामाच्या उपासनेत, वाहिलेल्या पिकांच्या लिलावांतून आले. तिथे एका भोपळ्याची बोली काही हजारांत जाते, ते भोपळ्यासाठी नसतं. उरलेले तीन लाख साठ हजार शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले, आणि त्यांतले बरेचसे मंडळीबाहेरचे.

बदल अहवाल दाखल झाले, दोन मंजूर झाले. मालमत्ता पत्रकावरचं नाव अजून मिशनचंच आहे. पाळकांच्या पगाराचा प्रश्न तिथेच आहे, गाळ्यांची चर्चा पुन्हा निघेल आणि निघायलाही हवी. तरुण संघातले दोघे या काळात उपासनेला यायचे थांबले. शताब्दीची उपासना परांची उभी असतानाच शाळेच्या पटांगणात झाली.

काय वेगळं करता आलं असतं

कपाट पहिल्या दिवशी हलवायला हवं होतं. त्याला ना ठराव लागतो ना पैसा.

निदान आधी आणि अंदाजपत्रक नंतर, असा क्रम असता तर ठेकेदाराच्या सिमेंटवर चार बैठका गेल्या नसत्या. कैचीची टोकं उघडून पाहायला एक सुतार, एक शिडी आणि एक दिवस पुरला. भिंतीबाहेर दोन फूट खड्डा घेऊन जोतं कुठे आहे हे पाहायला अर्धा दिवस.

देणगीदार कुटुंबाशी वागणं सर्वांत वाईट झालं. कायद्याची अडचण त्यांना लेखी, वेळेत सांगितली नाही. 'कमिटी ठरवतेय' असंच सात महिने चाललं आणि त्यांना तो नकार वाटला. त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा त्या बुरशी धरलेल्या वहीत आहे, हे नंतर कळलं.

माजी विद्यार्थ्यांना काम अर्धं झाल्यावर विचारलं. ते आधी व्हायला हवं होतं, आणि ते केवळ पैशासाठी नव्हे. जुन्या जोत्याची उंची दाखवणारा एकमेव फोटो त्यांच्यातल्याच एकाच्या घरी भिंतीवर होता. खोदकामानंतर तो मिळाला.

सध्या आतल्या भिंतींवर दर तीन महिन्यांनी ओलीची रेघ पेन्सिलने आखून तारीख लिहिली जाते. दक्षिणेकडे ती पाच फूट चार इंचांवरून एक फूट दहा इंचांवर आली आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात तीन फुटांवर अडकली आहे, कारण कुंपणापलीकडच्या नळाची तोटी गळते आणि ती चर्चच्या हद्दीत येत नाही.